कॉलरच्या बटणाची साक्ष

मी शर्टाच्या कॉलरचं बटण बोलतोय. खालच्या बटणांत आणि माझ्यात गल्लत करू नका. ती पोट झाकतात. मी गळ्याशी बसतो, आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई तपासतात ते मलाच. त्यामुळे माझी मान पहिल्यापासून जरा ताठच आहे.

शर्ट वल्लरीचा. ती दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत पाचवीत होती. आई शुभदा सरकारी कचेरीत, म्हणून आर. के. पुरमचं क्वार्टर. बाबा जयंत देशात नव्यानेच आलेल्या एका परदेशी कंपनीत. तेव्हा सगळंच नवं येत होतं. टीव्हीवर नवे चॅनेल, रस्त्यावर नव्या गाड्या, गुडगावच्या शेतांत उंच इमारती. तिथल्याच एका इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता, आणि जयंतच्या तोंडी उठता-बसता तोच विषय.

एका हिवाळ्यात मी काजापर्यंत पोचेनासा झालो. "अगं, केवढी वाढलीस!" म्हणत शुभदाने मला जरा कडेला सरकवून पुन्हा शिवलं. थोड्याच दिवसांत परत तेच. पोरगी वाळत चाललीय आणि मान तेवढी जाड होतेय, हे लक्षात यायला वेळ लागला. कॉलनीतल्या डॉक्टरांनी टीबी समजून गोळ्या दिल्या. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी टीबीच आठवतो. गाठ काही बधली नाही. शेवटी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा नाव कळलं. हॉजकिन लिम्फोमा. कॅन्सर.

"बच्चों में यह अक्सर ठीक हो जाता है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बस, कोर्स पूरा करना. बीच में मत छोड़ना."

सलाइनमधून औषध सुरू झालं. केस गेले, अन्न पोटात टिकेना, शाळा बुडाली. तरी वल्लरी हट्टाने शाळेचा शर्ट घालूनच औषधाला जायची. शेजारच्या खाटेवर उत्तर प्रदेशातल्या एट्याकडच्या खेड्यातली पिंकी असायची, त्याच आजाराची. दोघी लुडो खेळायच्या आणि पिंकी राजरोस लबाडी करायची.

दोनदा औषध गेल्यावर एका सकाळी मी अलगद काजात शिरलो.

"लागलं! शुभदा, बटण लागलं!" जयंत ओरडला. पुण्याच्या नातेवाइकांना फोन गेले, सगळीकडे माझीच बातमी. खरं सांगतो, मीही फुगलो.

पण मग जयंत माझंच नाव पुढे करू लागला. "गाठ गेली ना यार, आता ते विष कशाला? चलो, गुडगावला जाऊ. नवीन घर, नवीन शाळा. हॉस्पिटल बास."

"डॉक्टर नाही म्हणाल्यात," शुभदा म्हणाली.

"त्या म्हणणारच. तू तिचं बटण बघ!"

उलट्यांचं भांडं धरून धरून शुभदाही थकली होती. माझा मात्र संताप संताप झाला. कॉलर मिटवणं हे माझं काम. छातीच्या आत आजार किती उरलाय, ते मला कुठून दिसणार? आणि माझ्या भरवशावर हे पोरीचं औषध बंद करणार?

वल्लरी दारात उभी होती.

"पिंकीची गाठ पण गेली होती," ती म्हणाली. "तिचे पापा तिला कोर्स सोडून गावी घेऊन गेले. आता ती हॉस्पिटलमध्ये परत आलीये. दोन्ही साइडला गाठी आहेत. लुडो नको म्हणाली."

"बाळा, तुझं वेगळं आहे..."

"काही वेगळं नाही!" तिने मला चिमटीत धरलं आणि असा हिसका दिला की मी दोऱ्यासकट उपटून आलो. मला तिने बाबांच्या तळहातावर ठेवलं. "आता बघा बटण. मी कोर्स पूरा करणार. उलटी झाली तर होऊ दे."

दिल्लीत वाढलेलं अर्धं हिंदी मराठी, पण कळायला काही अडचण नव्हती. जयंत मला मुठीत धरून रडला. पुढच्या खेपेला ऑफिस सोडून तोच तिला घेऊन गेला, आणि शेवटची सलाइन होईपर्यंत गुडगावचं घर कुलपात राहिलं.

पिंकी मात्र गेली. हे मी गुळमुळीत सांगणार नाही. बऱ्या होणाऱ्या आजाराने गेली, आणि त्याचा राग मला अजून आहे.

वल्लरी आता गुडगावातच नोकरी करते. मला पुन्हा कुणी शिवलं नाही. मी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असतो, चाव्यांशी भांडत. कॉलरचं बटण ती लावतच नाही. मानेवरचा व्रण दिसतो. दिसू दे, म्हणते.

तर लोकहो, तुमच्या लेकराचं बटण लागलं तर खुशाल नाचा, पेढे वाटा. पण औषध थांबवायला माझी साक्ष काढू नका. मला भोकं चार आहेत, डोळा एकही नाही.