झाडाजवळ माणूस

रोपवन सरकारचं होतं, पण गावात कोणी तसं म्हणत नसे. गुरं तिकडे वळली की गुराखी एकमेकांना ओरडून सांगत, डोमाच्या वनात जाऊ देऊ नका. डोमा तिथला रोजंदारीवरचा चौकीदार. भामरागडच्या अलीकडे, नाल्यापलीकडच्या उतारावर आठ पट्ट्यांत सागाची रोपं लावली, त्या दिवसापासून तो तिथे होता. गडचिरोली जिल्हा वेगळा होत होता, त्या सालची ती लावणी. आता रोपांना तिसरा पावसाळा लागला होता.

खरं तर डोमाला बीट गार्ड, म्हणजे वनखात्याचा कायमचा वनरक्षक, व्हायचं होतं. भरतीला गेला, धावण्यात सगळ्यांच्या पुढे आला आणि उंचीच्या पट्टीखाली उभा राहिला तेव्हा दीड इंच कमी भरला. त्याची बायको रुखमा त्याच्याहून बोटभर उंच होती. शिंक्यावरचं काही काढायचं असलं की ती म्हणे, "राहू द्या, मी काढतो." एवढंच म्हणे, पण म्हणे मोठ्यानं.

त्या वर्षी श्रावणात नाला भरून वाहत असताना बीट गार्ड नानाजी डोंग्यात बसून आला. अंगात ताप होता, दात वाजत होते, आणि पोटाशी धरला होता तांदळाचा पत्र्याचा डबा. डब्यात मेणकापड, मेणकापडात टॉवेल आणि टॉवेलात ऑफिसचा कॅमेरा.

डोमाच्या घरी खाटेवर बसून त्यानं आधी जयभीम घातला, मग पाणी प्याला आणि मग सांगितलं. कोणीतरी वर निनावी अर्ज टाकला होता. ह्या रोपवनात एक झाड उरलेलं नाही, सगळं गुरांनी खाल्लं, आता ते फक्त कागदावर आहे, असा. रस्ते बंद, त्यामुळे साहेब लोकांना येऊन बघता येत नव्हतं. आणि वाया गेलेल्या रोपवनांची यादी भादव्यात पक्की व्हायची होती. यादीत नाव गेलं की राखण बंद, निंदण बंद, चौकीदार घरी. रोपवनाभोवतीचे चर बुजले की गुरं आत.

डोमा ऐकत होता. त्याला आपल्या रोजीचं वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे आला तो तिसऱ्या पट्ट्यातला कोपरा. तिथे पहिल्या उन्हाळ्यात त्यानं नाल्यातून कावडीनं पाणी आणून चाळीस रोपं जगवली होती. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता कोणी म्हणत होतं की तिथे काही नाहीच.

"राऊंड साहेबानं म्हटलं, फोटो पाठवा," नानाजीनं आपल्या वरच्या अधिकाऱ्याचा निरोप सांगितला. "आठ पट्टे, आठ फोटो. रोलमध्ये आठच उरले हाय. पण झाडाजवळ माणूस पायजे, डोमा. नुसतं झाड काढलं तर ते वीतभर हाय का घराएवढं, गडचिरोलीत कोणाले समजते?"

फोटो नानाजीच काढणार होता आणि डोमा उभा राहणार होता. पण एवढं बोलून नानाजी जो आडवा झाला, तो दोन गोधड्या अंगावर घेऊन कण्हत पडला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तरी त्याला उठवेना. उघाडीचा भरवसा नव्हता. आणि गाव तर सगळं धानाच्या रोवणीत गुंतलं होतं. रुखमाही पहाटेच बायनाबाईच्या बांधीत गेली होती. बायनाबाई निंदणाच्या बायांची म्होरकी, ती रोवणी सोडून फोटो काढायला बाई देणं शक्यच नव्हतं.

शेवटी नानाजीनं गोधडीतून हात बाहेर काढून कॅमेऱ्याच्या पोटावरची एक छोटी कळ दाखवली. ही खाली ओढायची, वरचं बटण दाबायचं आणि पळत जाऊन उभं राहायचं. दहा मोजेपर्यंत ते किरकिरते आणि आपोआप फोटो काढते. मग अंगठ्यानं रोल पुढे सरकवायचा. बाकी कुठे हात लावायचा नाही.

"कोणी धरत नाई, तरी काढते?" डोमानं विचारलं.

"तुले काय करायचं हाय? दहा मोज."

डोमानं कॅमेरा नुसताच डोळ्याला लावून पाहिला. मग त्यानं आंघोळ केली. केसांना तेल लावून भांग पाडला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घालायचा पांढरा सदरा काढला, घडी मोडली, घातला. गडचिरोलीत साहेबांच्या टेबलावर जायचं होतं. कॅमेरा ठेवायला काही उंच हवं होतं. त्यानं घरभर पाहिलं आणि पाण्याचे पितळी गुंड उतरवून खाली ठेवले, त्यांची तीन पायांची लाकडी तिवई खांद्यावर टाकली आणि निघाला.

पहिल्या पट्ट्याच्या कडेला त्यानं तिवई रोवली. तिच्यावर कॅमेरा ठेवला, खाली चपटा दगड सरकवून त्याचं तोंड झाडांकडे केलं. मग झाड निवडायला आत शिरला. आता फोटोत दाखवायचं तर चांगलंच झाड दाखवलं पाहिजे ना. कडेची झाडं त्याला पसंत पडेनात. चौथ्या ओळीतलं बरं होतं, पण एक पान किडीनं खाल्लेलं. सहाव्या ओळीत त्याला हवं तसं मिळालं. सरळ खोड, सुपाएवढी पानं. त्या झाडापासून तिवईपर्यंतची वाट त्यानं दोनदा चालून मोजली. एकवीस पावलं.

कळ ओढली. बटण दाबलं. कॅमेरा रातकिड्यासारखा किरकिरायला लागला आणि डोमा पळाला. भरतीत पळाला होता तसा. पानांवरचं पाणी तोंडावर उडत होतं, तोंडात एक, दोन, तीन चालूच होतं. सातला तो झाडापाशी पोचला, खोडावर हात ठेवला, छाती काढली, हनुवटी वर केली आणि जेवढं ताणता येईल तेवढं अंग ताणून उभा राहिला. लांबून खट्ट झालं.

त्याला हसूच फुटलं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि तरी आपला फोटो निघाला. मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या पट्ट्यात त्यानं कमरेवर हात ठेवला. तिसऱ्यात, त्या चाळीस रोपांपाशी, तो झाडाच्या खांद्यावर हात टाकावा तसा फांदीवर हात टाकून उभा राहिला. चौथ्यात पाय घसरला आणि नऊला तो चिखलातून उठत होता. दहाला उभा होता की नव्हता, हे त्याला सांगता आलं नसतं. पाचव्यात त्यानं हात सरळ वर केला, झाड किती उंच आहे ते कळावं म्हणून. सहाव्यात, सातव्यात तर तो सरावला होता. पाचालाच पोचायचा आणि उरलेले पाच मिशीवरून बोट फिरवत काढायचा. ज्यानं अर्ज केला त्यानं आता बघावं, असं तो झाडांना सांगतही होता.

आठव्या पट्ट्यावर ऊन उतरायला आलं. बटण दाबून तो पळाला, झाडापाशी उभा राहिला, आणि चारला त्याला रुखमाचा आवाज ऐकू आला.

रुखमा घरी आली होती ती तहानेनं. घरात गुंड जमिनीवर, एक कलंडलेला, आणि पाणी खाटेखालून वाहत. तिनं विचारलं तिवई कुठी गेली. गोधडीतून नानाजीनं सांगितलं, सरकारी कामाले गेली. ती तशीच निघाली. गुडघ्यापर्यंत रोवणीचा चिखल, पदर खोचलेला, डोक्यावर पावसाचं इरलं तसंच.

"हौ जी, हे काय चालू हाय तुमचं?"

डोमा हलू शकत नव्हता. हललं तर फोटो बिघडतो. त्यानं ओठ न हलवता बाजूला हो म्हणून सांगायचा प्रयत्न केला. रुखमा पहिल्या ओळीच्या झाडापाशी आली, थेट तिवईच्या समोर. तिनं इरलं काढून हातात घेतलं, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि किरकिरणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि हे काय बोंबलून राह्यलं माह्या तिवईवर?"

खट्ट झालं.

डोमा पानांतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. रोल संपला होता. सात चांगले होते, आठव्यात त्याची बायको उभी होती, चिखलानं भरलेली, तोंड उघडं. हे साहेबाच्या टेबलावर जाणार होतं.  रुखमानं त्याचा चेहरा पाहिला. तिनं स्वतःच तिवई डोक्यावर घेतली आणि दोघं घरी आली. रात्री जेवताना तीच म्हणाली, "सात तर चांगले आले ना. सात बहुत झाले."

ताप उतरल्यावर नानाजी डबा पोटाशी धरून डोंग्यात बसून गेला. पोळा झाला. भादवा लागला. डोमा रोज रोपवनात जात होता, चर साफ करत होता, पण पूर्वीसारखा झाडांशी बोलत नव्हता. बायनाबाई वाटेत भेटली की विचारी, काय गा डोमा, यादी आली का. नाई, म्हणायचा. निंदणाला येणाऱ्या बारा बायांचंही त्या यादीत होतं, म्हणून ती हसून विचारत असली तरी थट्टेनं विचारत नव्हती.

भादवा संपता संपता नाला गुडघाभर उरला आणि राऊंड साहेब स्वतः आले, मागे नानाजी. डोमानं खाट टाकली. रुखमा दाराआड उभी राहिली. साहेबांनी पिशवीतून लिफाफा काढला, लिफाफ्यातून फोटो काढले आणि खाटेवर एकापुढे एक सात मांडले.

"डोमा, तुला काय सांगितलं होतं?"

"झाडाजवळ माणूस, जी."

"मग दाखव माणूस."

डोमा वाकला. पहिल्या फोटोत पानंच पानं होती. दुसऱ्यात पानं. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडे सागाची सुपाएवढी पानं, खालपासून वरपर्यंत कागद भरून. माणूस एकातही नव्हता. 

"मी होतो जी, साहेब," तो म्हणाला. "सातही टाइम होतो. छाती काढून उभा होतो."

साहेबांनी मान हलवली. वरच्या साहेबांपुढे हे सात ठेवले तेव्हा ते जाम चिडले होते, असं त्यांनी सांगितलं. कुठल्या तरी झुडपाचे फोटो काढून पाठवले, म्हणाले. यादीत नाव घालायला त्यांनी पेनही उघडला होता. मग आठवा फोटो पुढे आला.

तो साहेबांनी हळूच लिफाफ्यातून काढला आणि खाटेवर ठेवला. पुढे रुखमा, डोक्यापासून चिखलाच्या पायापर्यंत स्वच्छ आलेली, हातात इरलं, तोंड उघडं. ज्या झाडापाशी ती उभी होती ते तिच्या डोक्यावरून तीन हात वर गेलेलं. आणि तिच्या मागे, सहाव्या ओळीत, दोन पानांच्या फटीत, डोमाचा अर्धा चेहरा. डोळे मोठे झालेले.

"ही बाई कोण, म्हणून विचारलं त्यांनी," साहेब म्हणाले. "नानाजीनं सांगितलं. मग मागे हा कोण, म्हणाले. हा आमचा चौकीदार. मग त्यांनी भिंग मागवलं."

भिंगातून सगळ्या ऑफिसनं डोमाला शोधलं होतं. पाचव्या फोटोत पानांच्या वर चार बोटं निघाली होती. दुसऱ्यात पांढऱ्या सदऱ्याचं कोपर. चौथ्यात चिखलातला एक पाय. तिसऱ्यात कोणाला काहीच सापडेना, तेव्हा मोठ्या साहेबांनीच शेवटी एक कान दाखवला. मग त्यांनी पेन बंद केला.

"काय म्हणाले, जी?"

"म्हणाले, ज्या रोपवनात चौकीदार सापडत नाही ते गुरांनी खाल्लं कसं?"

 डोमा खाली बसला, खाटेच्या पायाला टेकून, आणि त्याचे खांदे हलायला लागले. नानाजीला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आणि मग नानाजी हसला, साहेब हसले, आणि दाराआडून आवाज आला, "मले बी दाखवा ना तो फोटो."

आठवा फोटो फाइलला लावायचा होता, म्हणून साहेबांनी त्याची दुसरी प्रत करून आणली होती. रुखमानं ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, तोंड उघडं आलं. आणखी थोड्या वेळानं म्हणाली, पण झाड चांगलं आलं.

सात फोटो संध्याकाळपर्यंत गावभर फिरले. बायनाबाईच्या अंगणात बारा बाया गोल बसून डोमाला शोधत होत्या. बायनाबाई प्रत्येक फोटोत त्याला भलत्याच ठिकाणी दाखवत होती आणि हा डोमा नाई, हे वान्नेर हाय, असं स्वतःच ठरवून टाकत होती. निंदण यंदाही आहे, हे साहेबांनी जाताना तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा रुखमाला घेऊन रोपवनात गेला. तिसऱ्या पट्ट्याच्या कडेला तिला बसवलं, तिवई होती तेवढ्याच उंचीवर डोळे यावे म्हणून. मग तो एकवीस पावलं पळत आत गेला आणि त्या चाळीस झाडांत उभा राहिला.

"दिसून राह्यलो का?" त्यानं विचारलं.

"नाई."

तो दोन ओळी पुढे आला. "आता?"

"नाई दिसत."

त्यानं हात वर केले, उडी मारली, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. दरवेळी नाई, म्हणून आवाज आला. शेवटी तो पहिल्या ओळीतून डोकं काढून बाहेर बघायला लागला, तर रुखमा तोंडात पदर धरून बसली होती, डोळे मिटलेले, आणि हसून हसून तिला बसवत नव्हतं.

"अवं, तू बघूनच नाई राह्यली," डोमा म्हणाला.

"कायले बघू?" ती म्हणाली. "जा, पुन्हा आत जा. मले मोजू दे दहा."