बुरुल एजेंची कढई

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी हाताला काजळीच लागेल. मी बिडाची एक जुनी कढई आहे. लहान मूल पाय दुमडून आरामात बसेल, एवढी मोठी. किरगिझस्तानात, बिश्केकजवळच्या एका भट्टीत मला ओतलं आणि बुरुल एजेंच्या अंगणात मी नांदले; एजे म्हणजे तिकडे थोरल्या बाईला मानानं मारलेली हाक. त्यांच्या मुलींची लग्नं माझ्यातल्या अन्नावर पार पडली.

शेजारी गुजरातहून ज्योत्स्नाबेन आल्या. डॉक्टरी शिकायला आलेल्या भारतीय मुलामुलींसाठी त्यांनी खानावळ काढली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं स्वयंपाकघर आगीत गेलं. त्या बर्फात उभ्या राहून रडत होत्या, तेव्हा एजेंनी मला फाटकातून घरंगळत आणलं.

"घे पोरी. पोरांना उपाशी ठेवू नकोस."

तेव्हापासून मी खिचडी शिजवू लागले. दर रविवारी राजस्थानी, तेलुगू, मराठी सारे माझ्याभोवती जमत. नवरात्रातला गरबा, कुणाच्या गावाकडून आलेली वाईट बातमी, सगळं माझ्यासमोर घडे. मी फार सुखात होते.

मग ती दिवाळीची दुपार आली. एजे आशीर्वाद द्यायला उभ्या राहिल्या. किराणा दुकानवाले किरीटभाई त्यांच्या किरगिझ बोलण्याचा अर्थ सगळ्यांना सांगत होते.

"माझा नवरा गेला, तेव्हा याच कढईत घोडी शिजवून साऱ्या गल्लीला जेवू घातलं," एजे म्हणाल्या. "आज तुमची पोरं जेवताहेत. त्याला बरं वाटत असेल."

किरीटभाईंची जीभ अडखळली.

"काय म्हणाल्या हो?" ज्योत्स्नाबेननी विचारलं.

"घोडी. यात घोडी शिजली होती!"

हातातले घास हातातच राहिले. कुणीतरी बाहेर धावत जाऊन ओकलं. मला रोज घासणारे ज्योत्स्नाबेनचे हात चटका बसावा तसे माझ्यापासून मागे गेले. मला काही कळेना. मी तीच होते ना?

"फेका ते भांडं! म्हातारीनं बाटवलं आपल्याला!" किरीटभाई ओरडले.

दोघांनी मला उचलून अंगणात आपटलं. माझा एक कान तुटला. एजे गोंधळून विचारत होत्या, "मीठ जास्त झालं का गं?"

लोक ताटं तशीच टाकून उठून गेले.

कुंपणाशी मी बर्फात पडून राहिले. एके सकाळी ज्योत्स्नाबेन कुंपणापाशी आल्या आणि मोडक्यातोडक्या किरगिझमध्ये एजेंना सगळं सांगू लागल्या. एजेंनी तोंडावर हातच ठेवला.

"तुम्ही घोडा खात नाही? अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि तू विचारलंस, यात काय शिजायचं ते?"

मग दोघींनी मिळून मला बर्फातून उचललं.

त्या रविवारी ज्योत्स्नाबेननी मला लालबुंद होईपर्यंत तापवलं, घासलं आणि खिचडी टाकली. किरीटभाईंनी पलीकडच्या रस्त्यावर वेगळी चूल मांडली होती. निम्मे लोक तिकडे गेले. ज्योत्स्नाबेननी पहिला घास स्वतः घेतला. तो घशाखाली उतरायला वेळ लागला. पण उतरला. मग त्यांनी एजेंना ताट वाढलं.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून जपा. पण शेजाऱ्याचं भांडं घरात आणलंत, तर त्याच्या घरच्या चार गोष्टीही विचारून आणा, आणि आपल्याही त्याला सांगा. कान तुटला तरी माझ्यात अन्न शिजतं. पण त्या दुपारी उठून गेलेल्यांच्या जागा अजून रिकाम्याच आहेत.