खिशातले फ्यूज

"जगात जे जे म्हणून भक्कम उभं आहे, ते एकेकट्या माणसानं उभं केलेलं आहे," असं लिफ्टवाल्या काकांनी जाहीर केलं आणि बायकोकडे पाठ केली. "डाव्या खांद्याखाली. जरा खाली. हां, तिथं खाजव."

बायकोनं हातातल्या फणीनं खाजवलं. "एकट्या माणसाचा तिथं हात पोचत नाही वाटतं," ती म्हणाली. काकांना ते ऐकू आलं नाही. सोयीच्या वेळी ऐकू न येण्यात त्यांचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

काका एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, आणि एकट्यानं. त्यांचा नियम एकच. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी इमारतीच्या डोक्यावरच्या मशीनरूममध्ये जायचं, तिथले तीन फ्यूज उपटायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि जिन्यानं खाली यायचं. फ्यूज खिशात म्हणजे जीव खिशात. काम करताना दर पाच मिनिटांनी ते खिसा चाचपत. सवयीनं घरी जेवतानाही चाचपत.

नियमात खोट एवढीच होती की मशीनरूम वर असते, खड्डा खाली असतो आणि गुडघे दोनच असतात.

बायकोचा धाकटा भाऊ आधी गाद्या विकायचा. ते सोडून तो काकांकडे आला, तेव्हा 'टीम' हा शब्द सोबत घेऊन आला.

"दाजी, उद्या तुम्हाला ताप आला तर धंदा झोपेल."

"झोपण्यातलं तुला जास्त कळणार. गाद्या तू विकत होतास."

"अहो, त्याचं ऐका जरा," बायको म्हणाली. "परवा जमिनीवरून उठताना तुम्ही 'आई गं' म्हणून ओरडलात. शेजारीण विचारत होती, गावाहून सासूबाई आल्यात का. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

अशी टीम झाली. मेव्हणा, एक वायरमन आणि एक डिप्लोमावाली. वायरमन बोलायचा कमी आणि थांबायचा त्याहून कमी. डिप्लोमावालीच्या बॅगेत दोन फुटी स्टीलची पट्टी असे आणि ती दिसेल ते मोजत असे. दर सोमवारी मीटिंग. तिथलं मेव्हण्याचं ठरलेलं वाक्य होतं, "कुणी सांगायची वाट बघायची नाही. दिसलं की करून टाकायचं."

तिसऱ्या सोमवारी त्यानं तिघांसाठी शिवून आणलेल्या निळ्या पिशव्या वाटल्या. प्रत्येकीत तीन कोरे फ्यूज. "एकाच्या खिशापायी सगळ्यांचं काम अडायला नको," तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या. पण मधेच त्यांचा एक हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, तरी त्यातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. काय ते त्यांना सांगता येईना. सांगता आलं असतं, तरी कुणाला काही सांगायची त्यांना सवय नव्हती.

म्हणूनच नऊमजली इमारतीतल्या लिफ्टचंही ते कुणाला बोलले नव्हते. ही लिफ्ट वर निघताना आधी चार बोटं खाली दबायची आणि मग निघायची. काकांनी ते स्वतःच्या बोटांनी मोजलं आणि डोक्यात ठेवून दिलं. तिथं एकतीस वर्षांच्या लिफ्ट अशाच ठेवलेल्या होत्या.

त्या सकाळी ते टीमच्या आधी तासभर एकटेच पोचले. लिफ्ट नवव्या मजल्यावर नेली. फ्यूज उपटले. नऊ मजले उतरले. खड्ड्यात शिरले आणि कुणी आत पडू नये म्हणून वरचं दार ओढून घेतलं. खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं लाल बटण मेलं होतं. त्यांनी ते काढलं आणि त्याच्या दोन वायरी तात्पुरत्या एकमेकींना पिळून ठेवल्या; त्या सुट्या असल्या की लिफ्ट चालत नाही. मध्येच जिन्यावर वर जाणारी पावलं वाजली. राहणारे असतील.

मग खूप वर कुठंतरी 'टक्' झालं.

काकांनी खिसा चाचपला. एक, दोन, तीन.

पुन्हा 'टक्'. दोर गुणगुणू लागले. काकांनी पुन्हा खिसा चाचपला. तीनच. टॉर्चच्या उजेडात वरचा काळा चौकोन मोठा होत होता. पिळलेल्या वायरी तोडायला ते वळले, तशी हातातली टॉर्च घरंगळली, विझली. अंधारात बोटांना नुसतं ग्रीस लागत राहिलं.

काका पालथे झोपले आणि हात छातीखाली घेतले. आधी तेलाचा वास खाली आला, मग गरम हवा, मग लोखंड. लिफ्ट थांबली. शर्ट आणि लोखंड यांच्यात चार बोटं उरली होती. हे त्यांना न मोजता कळलं.

दार सरकल्याचा आवाज आला, आणि वरून बोलणं.

"काका कुठं दिसत नाहीत," डिप्लोमावाली म्हणाली.

"असतील एकटेच कुठंतरी," मेव्हणा म्हणाला. "टीममध्ये मिसळतच नाहीत. मी खालून बोलावल्याबरोबर लिफ्ट मात्र तुम्हा दोघांना घेऊन झकास आली. फ्यूज बसवले कुणी?"

"मी," वायरमन म्हणाला. "जागा रिकाम्या दिसल्या. वाट नाही बघितली."

"मीपण बसवायलाच गेले होते," डिप्लोमावाली म्हणाली. "यांनी आधीच बसवलेले."

"शाबास. याला म्हणतात टीम. चला, एकदा वर नेऊन बघू. दाब बटण."

"दाबू नका," काका म्हणाले.



"दाजी? कुठून बोलताय?"

"खालून."

"खाली म्हणजे? आम्ही तळमजल्यावर आहोत."

"मी तुमच्या पायाखाली आहे."

"अरे देवा. थांबा, लगेच वर घेतो लिफ्ट."

"वर जायच्या आधी ती चार बोटं खाली दबते. माझ्या पाठीवर चारच बोटं आहेत."

मेव्हणा म्हणाला, "हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

मग त्यांनी एकतीस वर्षांत सांगितलं नव्हतं तेवढं एका दमात सांगितलं. डिप्लोमावाल्या मुलीनं दारात पाय ठेवायचा आणि काढायचा नाही, दार उघडं असेतो लिफ्ट हलत नाही. वायरमननं बाहेर उभं राहून कुणाला बटणाजवळ येऊ द्यायचं नाही. तिन्ही पिशव्या लिफ्ट आणि उंबरा यांच्यातल्या फटीतून आत टाकायच्या. मेव्हण्यानं जिन्यानं वर जाऊन फ्यूज काढायचे आणि मुठीत धरून बसायचं.

काकांच्या डोक्याशी तीन पिशव्या धप्पधप्प पडल्या. मेव्हण्याची पावलं चढू लागली. चौथ्या मजल्यावर थांबली. तिथून धाप ऐकू आली. पावलं पुन्हा निघाली.

सहाव्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली. 'टक्' झालं, दार मुलीच्या बुटावर आपटलं आणि लोखंड शहारलं. बूट जागचा हलला नाही. त्याच्या तळव्याची किरकिर काकांना स्पष्ट ऐकू येत होती.

"काका," डिप्लोमावालीनं फटीशी वाकून हळूच विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?"

काकांनी छातीखालच्या हातानं खिसा चाचपला.

"तुझी ती पट्टी आहे ना, ती फटीतून आत सरकव," ते म्हणाले. "डाव्या खांद्याखाली. हां. जरा खाली."