डावीकडची जागा

"अकरावा माणूस इथं बसलाय जांभया देत, आणि खेळायला दहा. आणि मग विचारायचं, गोल कसे काय बसतात."

जनू बुटाच्या नाड्या आवळत आपल्याशीच कुरकुरत होता. त्याला वाटलं, पलीकडे कुणी नाही. पलीकडे रखमा बसून लिंबं चिरत होती. मधे भिंत अशी नव्हतीच, मैदानाच्या कडेच्या खोलीला आडवा ठोकलेला पत्रा होता नुसता. पत्र्याला भोकं होती आणि शब्द काही मोठे नव्हते, सगळे पार झाले. रखमाने सुरी थांबवली नाही. थांबवली असती तर त्याला कळलं असतं की इथे कोणीतरी आहे, आणि मग बिचारा आठवडाभर तोंड लपवत फिरला असता. पोरगं वाईट नव्हतं. बोलत होतं तेही खोटं नव्हतं.

मोरिवलीच्या अंगाला असलेली ही केबलची कंपनी. मालकाला फुटबॉलचा नाद, म्हणून कंपनीच्या दोन टीम होत्या. वरची टीम पगारी खेळाडूंची. गोव्याहून, केरळातून आणलेली उंचनिंच माणसं, नावाला टाइम ऑफिसात, हजेरी लावली की मैदानावर. ती टीम मुंबईत मोठ्या लीगमध्ये खेळायची आणि तिचे फोटो मालकाच्या केबिनमध्ये लागायचे. खालची टीम म्हणजे तिची राखीव टीम. वरचा कोणी लंगडला तर खालून माणूस न्यायचा, असं कागदावर होतं. नेलेला कुणाला आठवत नव्हता. एरवी ही टीम जिल्ह्याच्या लीगमध्ये, अगदी खालच्या गटात, बदलापूर-उल्हासनगरच्या टीमशी झटत असायची. वरच्यांना मॅचच्या दिवशी सुट्टी, बस आणि ग्लुकोज. खालच्यांना वरच्यांच्या उतरलेल्या जर्सी आणि रखमाची लिंबं.

खालच्या टीमला सुट्टी नसे, हीच तर सगळी अडचण. कुणी पाळी बदलून घ्यायचा, कुणी फोरमनला चहा पाजायचा. एकट्या रघूचं जमत नसे. त्याचं मशीन भोंगा झाल्याशिवाय सोडता येत नसे, आणि मॅच भोंग्याआधी सुरू व्हायची. पण रघूसारखा लेफ्ट आउट त्या गटात दुसरा नव्हता. म्हणून कॅप्टन सुदामने एक रीत पाडली. दहा जणांनी सुरू करायचं, डावी बाजू मोकळी सोडायची, आणि तेवढा वेळ कसाबसा किल्ला लढवायचा. भोंगा झाला की रघु रुळांपलीकडून पळत यायचा, येता येताच शर्टाची बटणं सोडायचा, आणि दाराजवळ त्याच्या आईने, रखमाने, धरलेली जर्सी गळ्यात अडकवून तसाच आत घुसायचा. समोरच्या टीमची ताकद अर्धी संपलेली असायची आणि हा ताजा. पोरं म्हणायची, आपल्याकडे अकरावा माणूस उशिरा येतो, पण दोघांचं बळ घेऊन येतो.

मागच्या उन्हाळ्यात एका मॅचला भोंगा झाला आणि रघु आला नाही. रुळांवर मालगाडी उभी होती. तिच्या मागून तो पलीकडे निघाला आणि पलीकडच्या रुळावरून दुसरी गाडी येत होती. टीम ती मॅच दहा जणांत जिंकली. खबर नंतर आली.

रघूच्या पुण्यानुमोदनाला सगळी टीम पांढरे शर्ट घालून ओळीने बसली होती. भंतेजींच्या मागोमाग सगळ्यांनी पंचशील म्हटलं, सगळी जेवली, पत्रावळी उचलल्या. कंपनी तोवर थांबली नव्हती. मशीनवर दुसऱ्याच दिवशी माणूस दिला, तो जनू. पाळ्या हलवताना त्याला रात्रपाळी मिळाली, म्हणून मॅचला तो मोकळा असायचा. मशीनची जागा रिकामी ठेवायची नसते. मैदानावर मात्र निराळं झालं. पुढच्या मॅचला रखमा लिंबं घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं, घरात बसवेना म्हणून आली. जनू जर्सी घालून आत निघाला होता. सुदामने दाराशी रखमा उभी दिसली तशी जनूला हाताने खूण केली, बस. दहाच उतरले. भोंगा झाला, त्यावर रुळांपासून पळत यायला लागेल तेवढा वेळ गेला, मग जनू आत गेला. पुढच्या वेळी तेच झालं, आणि मग त्याचा रिवाज पडला.

पोरांना वाटायचं, आपण हे मावशीसाठी करतो. रखमाला वाटायचं, पोरांच्या मनाला बरं वाटतं तर आपण कशाला मोडता घालायचा. असं ती स्वतःला सांगायची तरी. खरी गोष्ट अशी की तेवढा वेळ तिला हवा असायचा. अंत्यसंस्कार तिच्या डोळ्यांसमोर झाले होते, ती काही वेडी नव्हती. पण शिट्टी वाजल्यापासून जनू आत जाईपर्यंत डावीकडे ती जागा उघडी पडलेली असायची, आणि तेवढा वेळ रघु गेलेला नसायचा. त्याला उशीर झालेला असायचा. उशीर तर त्याला नेहमीच व्हायचा.

यंदा मात्र समोरच्या टीम शहाण्या झाल्या. सुरुवातीला ह्यांची डावी बाजू मोकळी असते, ही बातमी बदलापूरपासून कल्याणपर्यंत गेली. जो तो पहिले चेंडू तिकडूनच घालू लागला. जनू उतरेपर्यंत गोल बसलेला असायचा, आणि तो फेडता फेडता पोरांचा जीव जायचा. हरत हरत टीम तळाला आली. आता शेवटची मॅच, उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या टीमशी. हरली तर लीगमधून बाहेर, आणि बाहेर गेली तर खालची टीम बंद, असं वरून स्पष्ट आलं होतं. टीम बंद म्हणजे खेळणं तर गेलंच, पण सहा पोरं टेंपररी होती. टीममुळे त्यांचा नंबर परमनंटमध्ये लवकर लागणार होता, तोही गेला.

मॅचच्या दोन दिवस आधी टीमचं बघणारे गुरुदत्त साहेब रखमाच्या खोलीवर आले. मोठे ऑफिसर, पण दाराबाहेर चपला काढून आत आले. चहा घेतला. बारवी धरणाचं पाणी हल्ली किती कमी दाबाने येतं ते बोलले, चाळीचं छप्पर बोलले, तिच्या नवऱ्याचा, रामभाऊंचा, खोकला बोलले. "रखमाबाई," असं दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा बशीकडे बघत बसले. मग उठले. रात्री सुदामही येऊन गेला, त्याने तर चहासुद्धा घेतला नाही.

"कशाला आलते सगळे?" रामभाऊने विचारलं.

"चहा प्यायला," रखमा म्हणाली.

रामभाऊने मान हलवली आणि भिंतीकडे कूस केली. रघु गेल्यापासून तो मैदानाकडे फिरकला नव्हता. त्याच्याही तोंडून 'मेला' हा शब्द कधी आला नव्हता.

आज रखमा लिंबं चिरून झाल्यावर पातेलं घेऊन रेषेबाहेर जाऊन बसली. जनू तिच्याशेजारी येऊन बसला, गुडघे जवळ घेऊन. दहा जण उतरले. शिट्टी झाली. उल्हासनगरवाले चांगले तगडे होते, पाठीवर एका कापडवाल्या शेठचं नाव छापलेलं. पहिलाच चेंडू त्यांनी डावीकडून घातला. सुदाम मधून धावत तिकडे गेला, कसाबसा बाहेर काढला. दुसराही तिकडूनच. तिसऱ्याला सुदाम पोचला नाही. गोल.

चेंडू मधे आणून ठेवेपर्यंत त्यांचा एक पोरगा चेष्टेने नाही, खरोखर काळजीने म्हणाला, "कॅप्टन, तुम्हारा एक बंदा कम है."

सुदाम गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होता. "आ रहा है," तो म्हणाला.

रखमाने हे वर्षभरात कधी ऐकलं नव्हतं. वर्षभर सगळे नुसते गप्प असायचे, म्हणून चाललं होतं. आज परक्या माणसाने विचारलं आणि सुदामला उत्तर द्यावं लागलं. ते द्यायला त्याला जराही वेळ लागला नाही. रखमाची नजर सवयीने दाराकडे गेली. दारातून चामटोलीकडची एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. नजर परत आणताना तिला दिसलं की सुदामही तिकडेच बघतोय. गोली बघतोय, स्टॉपर बघतोय. शेजारी जनू बघतोय. खेळ सुरू झाला, चेंडू पुन्हा डावीकडे निघाला, आणि ही सगळी तरणीताठी पोरं मान वळवून दाराकडे बघत होती. आपल्याला वाटत होतं, तिकडे बघणाऱ्या आपण एकट्याच. तिने एकेकाचं तोंड बघितलं. पोरं धापा टाकत होती, आणि वाट बघत होती.

चेंडू रेषेबाहेर गेला. कुणीतरी तो आणायला लांब धावलं.

"जनू, ऊठ," रखमा म्हणाली.

"कशाला मावशी? भोंगा होऊ दे की."

"भोंगा झाल्यावर काय होणार आहे?"

जनूने मान खाली घातली. बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. "भोंगा झाला की मग थोडा वेळ," तो हळू म्हणाला, "म्हणजे रुळापासनं यायला जेवढा..."

सुदाम थ्रो घ्यायला रेषेशी आला होता. त्याने चेंडू हातात धरला होता आणि तो थांबला होता. रखमा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण पलीकडच्या गोलीपर्यंत गेला.

"रघु मेलाय, बाळा. जा, उतर तू."