गनीची थापी आणि जुफैरची भिंत

मित्रांनो, गवंड्याच्या हातातली मी एक जुनी थापी आहे. पातं झिजलंय, मूठ गुळगुळीत झाली आहे. पण तोंड अजून शाबूत आहे, तेव्हा ऐका!

गिलावा म्हणजे काय, ठाऊक आहे? ओबडधोबड भिंतीवर वाळू-सिमेंटचा लेप चढवून ती सपाट करायची. इथे बहरैनमध्ये सगळे त्याला प्लास्टर म्हणतात. रत्नागिरीच्या लोहाराने मला घडवलं आणि १९९४ साली गनी गवंड्याच्या पेटीतून मी इथे आले.

जुफैरमधल्या नव्या इमारतीत गनीला एक भिंत मिळाली. ती पसंत पडली तरच नोकरी, नाहीतर परतीचं विमान! आम्ही गावच्या सवयीने भिंतीवर एकदाच पाणी शिंपडलं आणि गिलावा चढवला. काय सुरेख दिसत होता! मीही फुशारले. पण जूनचा तो कोरडा वारा! तापलेली भिंत सगळं पाणी पिऊन बसली. दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे भेगा.

फोरमन कॉर्नेलियस वसईचे. त्यांनी बोटाने भिंत ठोकली, ती पोकळ वाजली.

"गनी, हे चालायचं नाय."

गनीच्या तोंडचं पाणी पळालं. नाचता येईना अंगण वाकडं, तशी वाळूला नावं ठेवता आली असती. पण त्याने ठेवली नाहीत.

"साहेब, चूक माजी. मीच खरवडतो. फक्त अजून एकदा लावू द्या."

"बरं. पुढल्या शनिवारी बघतो. यल्ला, लाग कामाला!"

गनीने सारा गिलावा उतरवला. भिंत पोटभर भिजवली आणि मला हातात घेतलं. खरं सांगते, मी भ्याले होते. गिलावा चढल्यावर त्याने त्यावर ओली गोणपाटं टांगली. पाचही वेळा नमाज झाली की तडक येऊन त्यांवर पाणी मारायचा.

शनिवारी कॉर्नेलियसनी भिंत वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली. सगळीकडे टणक!

"खलास, गनी, काम पास! उद्यापासून वरचा मजला तुझा."

माझ्या जिवात जीव आला. गनीने आधी मला धुतलं, मग स्वतःचा घाम पुसला. पुढे कितीतरी वर्षं त्याने मला गंज चढू दिला नाही. त्या हातांचे उपकार कसे फेडू?

मित्रांनो, हत्यार वापरलंत की धुऊन ठेवा. आणि कुणाची भिंत फुटलीच, तर हसण्याआधी त्याच्या हाती पुन्हा थापी द्या.