बापाचा हलणारा हात

विश्राम चितारी कल्याणचा. काचेवर चित्रे रंगवून दिव्याच्या उजेडात ती पडद्यावर पाडायचा, आणि त्याची चित्रे हलत. युक्ती साधी होती. एका काचेवर माणूस, दुसरीवर नुसता त्याचा हात. दुसरी काच दोऱ्याने ओढली की हात वर-खाली. एवढ्यावर त्याने बारा वर्षे जत्रांतून राक्षस मारले.

१८९३ च्या दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको रतन बाप्तिस्मा मागायला ठाण्याला आली. जातीने त्यांना आधीच वाळीत टाकले होते. विहिरीवर रतनची घागर फोडली होती. परत जायला जागा नव्हती. पाद्रीसाहेब म्हणाले, माणूस बरा आहे, पण धंदा तपासायला हवा. त्याने शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एखाद्या गोष्टीचा खेळ लावावा, मास्तरांनी तो पाहावा आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत. मग रविवारच्या बाप्तिस्म्याचे ठरेल.

मास्तर म्हणजे मी. मिशनच्या शाळेत व्याकरण शिकवत असे. दुसऱ्याचे भलेबुरे ठरवण्याइतका शहाणा मी तेव्हा नव्हतो, आजही नाही. पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

विश्रामने उधळ्या मुलाची गोष्ट निवडली. बापाची मिळकत उडवून लोकांची डुकरे राखायची पाळी आलेला मुलगा घरी येतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, ती. शनिवारी दुपारी शाळेच्या खिडक्यांना गोणपाट लावून खेळ सुरू झाला. डुकरांनी माना हलवल्या, पोरे हसली. मी टिपले, ‘डुकरे. हसू निर्दोष.’ मग मुलगा बापाच्या पायाशी वाकला. बापाने हात उचलला आणि त्याच्या पाठीत हाणला. दोरा अडकला असावा. विश्रामने हिसका दिला, हात पुन्हा पडला. एकूण तीनदा. मग चित्र बदलले आणि बापलेक गळ्यात गळा घालून उभे राहिले.

लोक गेल्यावर विश्राम काचा पुशीत बसला होता.

"विश्राम, बापाने मारलं का रे?"

"कुरवाळायचं होतं, मास्तर. काच जुनी. हा मूळचा हिरण्यकश्यपू. मुकुट खरवडला, गदा खरवडली, पण हात गदेच्याच मापाने उठतो."

"नवी काच का नाही केलीस?"

"आठ दिवस लागतात. साहेबांनी चार दिले."

"मी म्हटलं होतं, हात हलवूच नका," रतन म्हणाली. "पण ह्यांना न हलणारं चित्र म्हणजे मढं वाटतं."

"हललं नाही तर बघेल कोण?" विश्राम म्हणाला. मग हळूच, "मास्तर, उद्याचं काय?"

मी छत्री घेऊन निघालो.

घरी कागद पुढे घेतला. चौथा प्रश्न होता, ‘शास्त्रवचनात फेरफार केला आहे काय?’ मी ‘नाही’ लिहिले, खोडले. नुसते ‘होय’ लिहिले, तेही खोडले. शेवटी लिहिले, ‘होय. तीनदा.’ उद्या त्या दोघांना कुठे पाठवतील, कोण जाणे.

पाचवा प्रश्न होता, ‘प्रेक्षकांनी काय बोध घेतला?’ मिशनमध्ये भाकऱ्या भाजणारी ठमाबाई मला खेळानंतर दारात भेटली होती. पदराने डोळे पुशीत ती जे म्हणाली, तेच मी उतरवले: ‘ठमाबाई रडत म्हणाली, मारलान, पण घरात घेतलान. माझ्या बापाने नुसतं दार लावलान.’

रविवारी सकाळी साहेबांनी कागद उभ्यानेच वाचला.

"ठमाबाई म्हणजे आपली?"

"होय."

"ती रडली?"

"होय."

"याआधी कधी रडली होती?"

"मी पाहिलेली नाही, साहेब."

त्यांनी कागदाची घडी केली. "पुढच्या खेळाला नवी काच," म्हणाले, आणि झगा चढवायला गेले.

विश्राम आणि रतन गुडघे टेकून बसली. साहेबांनी पाण्यात हात बुडवला, उचलला आणि विश्रामच्या डोक्यावर आणला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

माझ्या मागे ठमाबाई शेजारणीला म्हणाली, "झालं. आता घरात घेतील."