तीन हजार बथ आणि शेजारी एक लोग

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दुपारच्या वेळी छतावर पाणी हलायचं. खरं पाणी खाली गोदीत, छतावर नुसता त्याचा उजेड. पण बाबांना हे पटवायला जाणार कोण? ते उताणे पडून वर बघत राहायचे, आणि त्यांचा पलंग केव्हाच धक्का सोडून निघालेला असायचा.

बाबा म्हणजे हिब्रूचे मास्तर. जन्मभर जुन्या भाषा शिकवल्या आणि म्हातारपणी डोक्यातून आजचं सगळं गळून गेलं, उरलं ते फक्त हजारो वर्षांपूर्वीचं. पोटची मुलगी समोर उभी राहिली तरी "या मोजणीबाई, बसा" म्हणायचे. तेवढं मात्र बरोबर होतं हो, बंदरात जहाजांच्या पोटातली जागा मोजायचंच काम तिचं. पण याच माणसाने लहानपणी तिला "मापटं" म्हणून हाक मारलेली, धान्याच्या मापट्यासारखी बुटकी नि गोलमटोल होती म्हणून. आणि आता अहो, बाई, बसा!

त्यात या आठवड्यात नवीनच खूळ. बाबांना त्या पलंगाच्या जहाजात एक गंगाळ चढवायचं होतं. साधंसुधं नव्हे, जुन्या काळच्या एका देवळाच्या अंगणातलं, काशाचं ओतीव, बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेलं. इतकं मोठं की लोक त्याला समुद्रच म्हणत. त्याचा हिशेब टनांत लागेपर्यंत बाबा अन्नाला शिवेनात. "जहाज भरल्याशिवाय जेवतं का कुणी?" पाण्याचे दोन घोट, बास. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"द्या की एखादा आकडा ठोकून," नर्सबाई म्हणाली.

ठोकून दिलाही होता. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काल कोण आलं होतं ते आठवत नसेल, पण मापात त्यांना गंडवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

मग ती नीट बसली. जुनी मापं तिला पाठच होती. काठोकाठ भरलेल्या भांड्यात सहा अंडी बुडवली की जेवढं पाणी सांडतं, तेवढा एक लोग. हे बाबांनी तिला स्वयंपाकघराचा ओटा भिजवून शिकवलं होतं, आणि आईने दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं होतं. असे बहात्तर लोग म्हणजे एक बथ, मोठी बादलीभर. पोथीत लिहिल्याप्रमाणे गंगाळात असे दोन हजार बथ. आणि जहाज मोजायचा टन? तो वजनाचा नसतोच मुळी, जागेचा असतो. शंभर घनफूट पोकळी म्हणजे एक टन, मग तुम्ही आत कापूस भरा नाहीतर लोखंड.

"साडेपंधरा टन, बाबा."

"आणि दुसऱ्या पोथीत तीन हजार बथ लिहिलेत, त्याचं काय?"

"मग सव्वातेवीस."

"मग पहिली पोथी काय समुद्रात बुडवू? गंगाळ एक, आकडे दोन, आणि दोन्ही खरे. मोजणीबाई म्हणवता ना स्वतःला?" असं म्हणून बाबा परत छतावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती एका धान्याच्या जहाजावर होती. पोटातलं एक कोठार मोजून ती फीत गुंडाळत वर आली, तर शेजारच्या कोठारात धान्य पडत होतं. सोनेरी धूळ अशी काही भरून राहिली होती की माणसांचे आवाजसुद्धा लांबून, झोपेतून आल्यासारखे वाटत होते. धान्य काठाला टेकलं. आता सांडणार, असं तिला वाटलं. पण ते सांडेना. मधोमध चढत गेलं, चढत गेलं आणि त्याने छान शीग धरली.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. इतके दिवस बाबांच्या गंगाळात ती पाणीच ओतत बसली होती की!

"काय झालं हो?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही, समुद्र सापडला," म्हणत ती पळालीच.

खोलीत छत नुकतं कुठे हलू लागलं होतं. आज तिने बाबा म्हटलं नाही. पलंगाशी उभी राहून कामावरच्या आवाजात तिने विचारलं, "मास्तर, गंगाळात भरायचंय काय? पाणी की धान्य?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते चक्क हसले. "इतके दिवस मोजताय, एकदा विचारलं असतंत तर!"

"पाणी असेल तर काठोकाठ, दोन हजार. धान्य असेल तर शिगोशीग, तीन हजार. गंगाळ तेच."

"धान्य. पल्ला लांबचा आहे."

"मग सव्वातेवीस टन. जागा आहे."

"आणखी एक लोग लागेल."

"शिगेवर राहायचं नाही ते."

"शिगेवर नको, शेजारी. माझी मुलगी यायचीय. एवढीशी आहे, मावेल तेवढ्यात. ती आल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, सांगून ठेवतो."

ती पलंगाच्या कडेला टेकली. "नाव काय तिचं?"

बाबांनी तोंड उघडलं. नाव येईना. ते छतभर शोधत राहिले, आणि गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखे त्यांचे ओठ थरथरू लागले.

"मापटं," ती म्हणाली.

त्यांची मान झटकन वळली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"आलीये ती, मास्तर. केव्हाची जहाजात येऊन बसलीये."

"जेवली का?"

"नाही. तुमच्यासाठी थांबलीये."

"वेडीच आहे कार्टी," बाबा म्हणाले. "आणा काय असेल ते. आधी तिला द्या."

नर्सबाईने कुस्करलेल्या अंड्याची वाटी पुढे केली. पहिला चमचा मुलीने स्वतः खाल्ला, डोळ्यांतलं पाणी न पुसताच. दुसऱ्याला बाबांनी आ केला.